औंढ्याच्या माळावरची वजाबाकी

(दृश्य: पहाट. नागनाथाच्या देवळाचं शिखर, मग मोकळा माळ.)

हा हिंगोली जिल्ह्यातला औंढा नागनाथ तालुका. लायगो-इंडिया वेधशाळेसाठी हीच जागा ठरली आणि २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, एकेक ४ किलोमीटरची. अवकाशाची थरथर, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी.

पण त्यासाठी इथल्या यंत्राची वाट पाहत बसायला नको. अमेरिकेत लायगोच्या अशाच दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून दूर. त्यांची मोजमापं सगळ्यांना खुली आहेत. हिंगोलीच्या कॉलेजातली मुलगी आज रात्री ती लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकते.

(दृश्य: पडद्यावर वेडीवाकडी रेघ.)

१४ सप्टेंबर २०१५ ची फाइल. आधी दिसतो नुसता कल्ला. जमिनीची हालचाल, यंत्रातले आरसे टांगलेल्या तंतूंचा ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपासचा सूर, विजेची ६० हर्ट्झची गुणगुण. आपली वीज ५० ची, म्हणजे औंढ्यात ती ५० वर दिसेल. हे ओळखीचे आवाज काढले, ३५ ते ३५० हर्ट्झ एवढंच ठेवलं, की ०.२ सेकंदाची चढती लहर वर येते. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एक झाली, त्याची.

इथं बहुतेक जण थांबतात. माझा जीव अडकतो तो पुढच्या पायरीत.

आता ही लहरही वजा करायची! आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढलेली लहर मोजमापातून उणे केली, की मागं निव्वळ गोंगाट उरला पाहिजे. दोन वेधशाळांच्या त्या गोंगाटात काही नातं दिसलं, तर आपलं चुकलंय, नाहीतर निसर्गात काही नवं आहे. ज्वारी पाखडणारी बाईसुद्धा फोलपटावरून एकदा हात फिरवतेच, दाणा गेला नाही ना म्हणून.

२०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या संशोधकांनी खुली मोजमापं तपासली आणि सांगितलं, उरलेल्यात नातं दिसतंय. खळबळ उडाली. मग इतरांनी त्याच मोजमापांवर हिशेब पुन्हा मांडला. लायगोच्या शोधनिबंधातल्या आकृतीसाठी दिलेली लहर सगळ्यांत नेमकी जुळणारी नव्हती. ती वजा केली की थोडी लहर मागं राहत होती. नेमकी लहर वजा केल्यावर उरला साधा गोंगाट. फाइल खुली होती, म्हणून शंकाही घेता आली आणि फेडताही आली.

(दृश्य: सांज. माळ, दूरवर विजेचे खांब.)

उद्या इथलं यंत्र सुरू होईल, तेव्हा त्यात या माळाचे आवाज येतील. महाशिवरात्रीच्या यात्रेची वर्दळ. पावसाळी विजांचा कडकडाट. रात्रीची लाइट आली की एकदम सुरू होणाऱ्या मोटारी. कोणता आवाज कशाचा, हे इथल्याच माणसाला विचारावं लागेल.