कच्चा रंग, पक्का रंग: पालक, रातांबा आणि काचेवरचा पांढरा थर

नमस्कार. माझ्या हातात काचेच्या दोन पट्ट्या आहेत आणि दोन्हींवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर आहे. एक पट्टी रात्रभर पालकाच्या अर्कात, तर दुसरी रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीच्या अर्कात बुडवून ठेवली होती. आता दोन्ही अल्कोहोलने धुतो. पालकाचा हिरवा रंग बराचसा वाहून गेला. रातांब्याचा मात्र राहिला आणि लालचा जांभळट झाला. अशा रंगवलेल्या पट्टीपासून सौर घट, म्हणजे प्रकाशापासून वीज देणारे साधन, बनवता येतो; आजचा विषय हा फरकच आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः केवळ अतिनील किरण शोषतो, म्हणून दृश्य प्रकाशापासून वीज मिळवायची तर त्याच्यावर रंगद्रव्य चढवावे लागते. १९९१ साली ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अशा सौर घटाची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या पुढे नेली. त्यांचे रंगद्रव्य रुथेनियम या धातूचे होते. पण खरी किमया थराची होती. जेमतेम १० मायक्रोमीटर जाडीचा तो थर इतका सच्छिद्र होता की, १ चौरस सेंटीमीटर काचेवर सुमारे ७८० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग उपलब्ध झाला.

एवढा पृष्ठभाग असूनही पालकाचा रंग का टिकला नाही? रंगाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, रंग कच्चा आहे. मंजिष्ठेचा लाल रंग तुरटीमुळे कापडावर पक्का होतो, कारण तुरटीतील ॲल्युमिनियम रंगाच्या रेणूतील शेजारशेजारच्या ऑक्सिजन अणूंना धरून ठेवतो. येथे ती जागा टायटॅनियम घेतो. रातांब्यातील अँथोसायनिन, म्हणजे त्याचे लाल रंगद्रव्य, हे सायनिडिन नावाच्या रेणूपासून बनलेले असते. त्याच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारी असतात आणि ते पृष्ठभागावरील टायटॅनियमला घट्ट बिलगतात. रंग जांभळट झाला तो याच बंधामुळे. पालकाच्या हरितद्रव्यातील कार्बोक्सिल गट (असेच पृष्ठभाग धरू शकणारे आम्लगट) मात्र एस्टरच्या रूपात, म्हणजे दुसऱ्या गटांशी जोडले जाऊन, आधीच गुंतलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग धरायला त्याच्याकडे मोकळा हात उरत नाही.

हा बंध विजेसाठीही महत्त्वाचा आहे. प्रकाश शोषल्यावर सायनिडिनमधला इलेक्ट्रॉन १०० फेमटोसेकंदांच्या (सेकंदाच्या एक लाख कोटींश भागाच्या दहाव्या हिश्श्याच्या) आत थरात उतरतो, हे १९९७ साली ब्लॅकबेरीच्या रंगावर केलेल्या संशोधनात दिसले. तरीही त्या घटाची कार्यक्षमता ०.५६ टक्केच भरली. इलेक्ट्रॉन झटकन उतरला तरी काम संपत नाही: काही इलेक्ट्रॉन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच परत फिरतात, शिवाय हा रंग दृश्य प्रकाशाचा थोडाच भाग टिपतो. त्यामुळे ‘फळांच्या रसावर घर उजळेल’ अशा मथळ्यांवर, माझ्या मते, विश्वास ठेवू नये.

जांभूळ वापरून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन या सायनिडिनच्याच जातीच्या तिन्ही रेणूंची रंगद्रव्ये असतात. पहिल्या दोघांत शेजारी हायड्रॉक्सिल गट आहेत. माल्विडिनमध्ये मात्र शेजारच्या दोन्ही जागा टायटॅनियमला तसे धरू न शकणाऱ्या मेथॉक्सी गटांनी अडवलेल्या असतात. म्हणून पट्टी धुताना जांभळा रंग थोडा उतरला, तर तुमची कृती चुकली असे लगेच समजू नका. धुतलेले अल्कोहोल जपून ठेवा आणि त्याचा वर्णपट (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) मूळ अर्काच्या वर्णपटाशी ताडून पाहा.