वाचक कोणत्या दारानं आत येतो

(ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर आणि वाचक मंडळांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्या टेबलासमोर उभा राहून वाचक पुस्तक परत करतो आणि म्हणतो, "असंच आणखी एखादं द्या." या 'असंच'चा अर्थ लावणं हे तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. समजा, परत आलेलं पुस्तक 'बनगरवाडी' आहे. आपण पटकन विषयाकडे जातो. गाव, मेंढपाळ, दुष्काळ, म्हणजे ग्रामीण कादंबरी. त्याच कपाटातली दुसरी ग्रामीण कादंबरी त्याच्या हातात देतो आणि ती चौथ्या दिवशी अर्धवट वाचून परत येते. पुस्तकात खोट नसते. त्या माणसाला दुष्काळ आवडलेलाच नसतो. त्याला व्यंकटेश माडगूळकरांचं आखूड, कोरडं, आवाज न चढवणारं वाक्य आवडलेलं असतं किंवा त्यातला वाडीचा कारभारी आवडलेला असतो. नवीन पुस्तकात दुष्काळ होता, पण ते वाक्य नव्हतं आणि कारभारीही नव्हता.

नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल बाईंनी यासाठी एक सोपी मांडणी केली. पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथा, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण एखादं दार मोठं असतं आणि बाकीची चिंचोळी. वाचकालाही ठरावीक दार आवडतं. आज आपण त्यांतली तीन पाहू: कथानक, पात्र आणि भाषा. स्थळ मी बाजूला ठेवतो, कारण चांगल्या कादंबरीत ते बहुतेकदा पात्रातच मुरलेलं असतं.

या तिघांत थोरलं कोण, हा वाद फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनं शोकात्मिकेची सहा अंगं सांगितली आणि कथानकाला तिचा आत्मा म्हटलं. पात्र दुसऱ्या जागी, भाषा त्याच्याही खाली. आपल्याकडे 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतानं 'इतिवृत्त' म्हणजे कथानक हे नाट्याचं शरीर मानलं. काव्यशास्त्रकार वामनानं रीतीला, म्हणजे पदरचनेच्या विशिष्ट धाटणीला, काव्याचा आत्मा म्हटलं. आणि दहाव्या शतकात धनंजयानं 'दशरूपका'त रूपकांचे, म्हणजे नाटकांचे, प्रकार कशावरून वेगळे करायचे ते तीन शब्दांत सांगितलं: वस्तु, नेता, रस. वस्तु म्हणजे कथानक आणि नेता म्हणजे नायक. तिसऱ्या जागी आपण भाषेची अपेक्षा करतो आणि तिथे येतो रस. रस ही संहितेतली वस्तू नाही, तो प्रेक्षकाला येणारा अनुभव आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत वाचणारा माणूसही धरलेला आहे. मला ही यादी बाकीच्यांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते, कारण आपला प्रश्न आनंदाचा आहे आणि आनंद वाचकापाशी असतो.

माझं म्हणणं असं, की तिघांचं काम वेगवेगळ्या वेळी चालतं. पहिल्यांदा वाचताना कथानक आपल्याला धरून ठेवतं. दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा शेवट ठाऊक असतो, कथानकाची पकड सुटलेली असते. तेव्हा भाषा धरून ठेवते. आणि पुस्तक मिटून कपाटात गेलं की पात्र आपल्यासोबत राहतं. म्हणून 'सगळ्यात महत्त्वाचं काय' याचं उत्तर वाचक वाचनाच्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे त्यानुसार बदलतं, आणि एकाच पुस्तकाबद्दल एकाच वाचकाची तीन उत्तरं खरी असू शकतात.

कथानकापासून सुरुवात करतो, कारण मराठी समीक्षेत त्याच्यावर अन्याय झालाय. 'नुसती गोष्ट आहे' हे आपल्याकडे दोषाचं वाक्य आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय या त्यांच्या नायकांसाठी लोक पुढच्या पुस्तकाची वाट पाहत. वाचायची सवय लागलेली किती घरं त्यांच्यामुळे तयार झाली असतील! त्या कथांचं कसब आपण नीट तपासलंच नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत गोष्ट आणि कथानक यांतला फरक एका उदाहरणानं दाखवला. राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. मराठीत याची तपासणी सोपी आहे. कादंबरीतल्या मुख्य घटना दहा वाक्यांत लिहून काढा आणि दोन वाक्यांमध्ये 'मग' बसतं की 'म्हणून' बसतं ते पाहा. 'पण' बसलं तरी चालेल, कारण 'पण' म्हणजे आडवं आलेलं कारण. दहांत सहा-सात ठिकाणी 'मग'च बसत असेल, तर वाचक मधल्या तीस पानांत पुस्तक खाली ठेवणार. तुमच्या ग्रंथालयातली अर्धवट वाचलेली पुस्तकं उघडून पाहा. दुमडलेले कोपरे बऱ्याचदा अशाच जागी असतात.

दुसरा दोष योगायोगाचा. योगायोगानं पात्र संकटात सापडलं तर वाचक मान्य करतो, पण योगायोगानं सुटलं तर फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी पात्रासमोर काम उभं राहतं, दुसऱ्या वेळी पात्राच्या हातचं काम काढून घेतलं जातं. इथे कथानकाचा दोष थेट पात्राचा दोष होतो, हे ध्यानात ठेवा.

कथानक म्हणजे धावपळ असंही नाही. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये, १९३९ साली, घडतं ते बहुतेक एका बोटीवर. बोट युरोपातून मुंबईकडे निघालेली. प्रवास संपणार हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक आहे, चक्रधर आणि हॅर्टा या प्रेमिकांनाही ठाऊक आहे. ही एक गोष्ट पुरेशी होते. प्रत्येक साधं संभाषण उरलेल्या दिवसांच्या हिशेबात वाचलं जातं. मुदत घालून देणं हे कथानकाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं साधन आहे.

'बनगरवाडी'त कथानक नाही असं म्हणतात, तेही मला पटत नाही. मास्तर येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, पाऊस दडी मारतो, वाडी मोकळी होते. सांगाडा पक्का आहे. फक्त त्याचा कर्ता माणूस नाही, पाऊस आहे. घटना एकमेकींवर आदळत नाहीत म्हणून तो दिसत नाही एवढंच.

आता भाषा. भाषा सुंदर आहे म्हणजे काय, हे सांगताना आपण फार लवकर 'ओघवती', 'चित्रदर्शी' अशा शब्दांकडे वळतो आणि हाती काही लागत नाही. एक तयार केलेलं वाक्य घेऊ.

"दुःखी अंतःकरणानं आणि थरथरत्या हातांनी वृद्ध सुभद्राबाईंनी आपल्या लाडक्या मुलाचं बहुप्रतीक्षित पत्र उघडलं."

विशेषणं पाच: दुःखी, थरथरत्या, वृद्ध, लाडक्या, बहुप्रतीक्षित. प्रत्येक विशेषण वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतं, त्याला करायला काही उरत नाही. आता हे पाहा.

"सुभद्राबाईंनी पत्र उघडलं. चष्मा माडीवर राहिला होता. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि अंगणातल्या पोराला हाक मारली."

ती पाचही विशेषणं गेली. वय चष्म्यातून कळलं. ओढ कशातून कळली? माडीवर जाऊन चष्मा आणण्याइतकाही दम बाईंना धरवला नाही, यातून. हे झालं पात्र. आणि आता ते पत्र शेजारचं पोर मोठ्यानं वाचणार, म्हणजे घरातली गोष्ट अंगणात जाणार. हे झालं कथानक. वाक्य दुरुस्त करायला बसलो तर बाकीची दोन्ही आपसूक जागी झाली. तिघांना वेगळं काढणं अभ्यासासाठी ठीक आहे, लिहिताना ते जमत नाही, ते यामुळे.

मराठी गद्याची आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. भूतकाळात सांगायला लागलं की वाक्यामागून वाक्य 'होता', 'होती', 'होते' यांवर आपटतं. कोणत्याही कादंबरीतली सलग वीस वाक्यं घ्या आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा. बारा-तेरा ठिकाणी 'होता'चंच कुठलंतरी रूप असेल, तर कान कशानं कंटाळला ते कळेल. जाणते लेखक मध्येच क्रियापद गाळतात, वर्तमानकाळात शिरतात किंवा नाम शेवटी आणून वाक्य थांबवतात. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर पेन्सिलही नको, वहीत उतरवा.

भाषेनं सगळा भार उचलला असं ठळक उदाहरण म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची 'कोसला'. सांगवीचा मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि पदवी न घेता घरी परततो. कथानक एवढंच सांगता येतं, आणि सांगून ऐकणाऱ्याला काहीही मिळत नाही. जे आहे ते पांडुरंग सांगवीकरच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांत आहे. 'उदाहरणार्थ' म्हटलं की पुढची गोष्ट अनेकांतली एक होते, तिचं वजन कमी होतं. 'वगैरे' म्हटलं की बाकीचं सांगण्यालायक नाही असं होतं. आपल्याच आयुष्याला हा तरुण नमुन्यासारखं हाताळतो, कारण जवळून हाताळणं त्याला झेपत नाही. धाकटी बहीण मनी जाते, त्या पानांत हा थट्टेचा सूर थांबतो आणि वाचक हादरतो. तोवरची शंभर पानं ज्यानं 'वगैरे'ला हसत वाचली, त्यालाच ते थांबणं ऐकू येतं. पुढे त्या दोन शब्दांची नक्कल पुष्कळांनी केली. शब्द उचलले आणि त्यामागचा न झेपणारा अनुभव मागेच राहिला, म्हणून ती लकबच ठरली.

पात्राची परीक्षा संवादात होते. संवादांतलं 'तो म्हणाला' झाकायचं आणि कोण बोललं ते ओळखायचं, ही सर्वत्र सांगितली जाणारी युक्ती. मराठीत ती वापरताना एक काळजी घ्या. 'मी आलो', 'मी आले' यावरूनच बोलणारा पुरुष की स्त्री हे कळतं, त्यामुळे नवरा-बायकोचा संवाद घेतलात तर परीक्षा फुकट जाते. दोन भाऊ घ्या किंवा दोन जावा. दोघींची वाक्यं अदलाबदल केली आणि काहीच बिघडलं नाही, तर लेखकानं दोन नावं लिहिलीत, माणूस एकच आहे.

दुसरी खूण संबोधनांची. कोण कोणाला 'अहो' म्हणतं, 'अगं' कुठे येतं, सासू सुनेला नावानं हाक मारते की 'सूनबाई' म्हणते. आपल्या भाषेत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही एक घटना असते. दोन पानांच्या वर्णनाएवढं काम ती करते. लेखकाच्या नकळत असा बदल झाला, तर वाचकाला काहीतरी खटकतं. नेमकं काय, हे त्याला सांगता येत नाही. तो म्हणतो, "पात्रं पटली नाहीत."

तिन्ही दारं एकाच चौकटीत हवी असतील, तर हरिभाऊ आपट्यांकडे जायला हवं. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, १८९३ मध्ये पुस्तक झाली. आठवड्याला एक तुकडा, म्हणजे पुढे काय होणार याची ओढ सांभाळणं भाग होतं. हे कथानक झालं. पण हरिभाऊंनी निवेदन दिलं नायिकेला, यमूला. ती आपली हकिगत स्वतः सांगते, घरात बोलतात त्या भाषेत, लहानपणी न कळलेल्या गोष्टी न कळल्यासारख्याच. परिणाम असा, की तिच्यावर काय गुदरणार ते वाचकाला तिच्याआधी कळायला लागतं आणि तिला सावध करता येत नाही. केशवपनाचा प्रसंग असह्य होतो तो यामुळे. तृतीयपुरुषी निवेदकानं तेच सांगितलं असतं तर वाचकाला कणव वाटली असती, पण ही असहायता आली नसती. म्हणून मी भाषेचा विचार करताना शब्दसौंदर्याआधी विचारतो, की बोलतंय कोण.

आता तुमच्या टेबलाशी परत येऊ. वाचकाला 'पुस्तक कसं वाटलं?' विचारू नका, उत्तर 'छान' येतं. 'काय झालं त्यात?' असं विचारा आणि पहिली दोन वाक्यं ऐका. 'अहो, त्यात एक माणूस आहे' अशी सुरुवात झाली, तर तो पात्राच्या दारानं आलाय. 'असं होतं की' अशी झाली, तर कथानकाच्या. तो पुस्तक उघडून एखादा उतारा दाखवायला लागला, तर भाषेच्या. 'हातातून सुटलंच नाही' म्हणणाऱ्याला 'कोसला' लगेच देऊ नका, रागावून परत करेल. मुदत असलेली, आटोपशीर 'रणांगण' द्या. तिथे तो ओढीनं शिरेल आणि भाषा आपोआप त्याच्या कानी पडेल. उतारा दाखवणाऱ्याला विषय पाहून काही देऊ नका. दोन वेगळ्या पुस्तकांतलं एकेक पान तिथेच वाचायला द्या, पाच मिनिटांत त्याचं तो ठरवतो.

आणि जुन्या वाचकाचं दार दर वर्षी एकदा पुन्हा तपासा. विशीत फक्त रहस्यकथा नेणारी बाई चाळिशीत 'बनगरवाडी' दुसऱ्यांदा मागायला येते, तेव्हा तिच्या नावापुढे तुम्ही लिहून ठेवलेला 'रहस्य' हा शिक्का खोडायला हवा. देवघेवीच्या नोंदीत एक लहान रकाना त्यासाठी पुरतो: पुस्तक परत करताना ती पहिल्यांदा काय बोलली.