डॉक्टरांच्या निबंधांची यादी

नमस्कार, श्रोतेहो. माझी ३२ वर्षं नाशिकमध्ये वैद्यकीय ग्रंथालयात गेली. सत्काराच्या पत्रिकेवर डॉक्टरांच्या नावाखाली ‘शंभराहून अधिक शोधनिबंध’ असं छापलेलं असतं आणि टाळ्या त्या आकड्याला पडतात. निबंधात सापडलं काय, हे कुणी विचारत नाही. आज आपण एका सर्जनचे निबंध उघडून पाहू. डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम, अमेरिकेतल्या सेंट लुईसचे.

१९१८ साली लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू भरून जवान दगावत होते. पू दिसला की छाती उघडायची, असा रिवाज होता. ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की घाई केली तर बाहेरची हवा आत शिरते आणि आधीच दमलेला रोगी त्यानंच जातो. हवा आत जाऊ द्यायची नाही, आधी बंद नळीतून पू काढायचा. पुन्हा सांगते, हवा आत जाऊ द्यायची नाही. छातीच्या वॉर्डात खाटेखाली बाटली असते, तिच्यातल्या पाण्यात नळीचं टोक बुडालेलं असतं आणि श्वासासरशी पाणी वर-खाली होतं. ते त्याचसाठी.

आता माझी आवडती गोष्ट. एमबीबीएसच्या पोरांना मी ती दरवर्षी सांगायचे. १९३३ साल. पिट्सबर्गचे डॉ. जेम्स गिलमोर, वय ४८, बाळंतपणं करणारे डॉक्टर. डाव्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. ग्रॅहम म्हणाले, ऑपरेशन करू. गिलमोर आधी घरी गेले, सगळी निरवानिरव केली. दंतवैद्याकडे जाऊन दात नीट करून घेतले आणि दफनभूमीत स्वतःसाठी जागाही विकत घेऊन ठेवली! जगलो तर दात हवेत, गेलो तर जागा हवी. दोन्ही तयारी एकाच माणसानं, एकाच फेरीत केली.

५ एप्रिलला छाती उघडली. बेत होता फुप्फुसाचा एक भाग काढण्याचा. पाहतात तर गाठ मुख्य श्वासनलिकेच्या अगदी जवळ. भाग काढून भागणार नव्हतं, अख्खं फुप्फुस काढावं लागणार होतं. गिलमोर यांचे एक डॉक्टर मित्र तिथेच उभे होते. ग्रॅहमनी त्यांना तसं सांगितलं. असं एका बैठकीत अख्खं फुप्फुस काढून कॅन्सरचा रोगी वाचल्याचं तोवर घडलं नव्हतं. ग्रॅहमनी ते प्राण्यांवर केलं होतं. मित्रानं संमती दिली आणि फुप्फुस निघालं.

पण मागे पोकळी राहिली. पोकळी राहिली की तिथे पू. १९१८ चा धडा! म्हणून ग्रॅहमनी सात बरगड्याही काढल्या, छातीची भिंत आत बसावी म्हणून. गिलमोर बरे झाले आणि पुन्हा कामाला लागले.

ग्रॅहम स्वतः मात्र सिगारेट ओढत. सिगारेटी वाढल्या तसा कॅन्सरही वाढला म्हटलं, की ते म्हणायचे, नायलॉनच्या मोज्यांचा खपही वाढलाच आहे की! एर्न्स्ट विंडर नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला, म्हणाला, मोजून पाहू. दोघांनी ६८४ रोगी तपासले आणि १९५० साली निबंध छापला. त्यात फुप्फुसाचा कॅन्सर झालेले ६०५ पुरुष होते आणि त्यातले शंभरात ९६ हून जास्त चांगलेच सिगारेट ओढणारे निघाले. ज्याला स्वतःला ती सवय होती, त्यानंच हे छापलं. मला यादीत हा निबंध सर्वांत मोठा वाटतो.

जाता जाता बोलते. आपल्या सिन्नरला बिड्या वळून कितीतरी बायांनी संसार ओढले. दिवसभर मांडीवर सूप, नाकाशी तंबाखूची धूळ. त्यांच्या छातीचा फोटो दरवर्षी फुकट निघायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. आणि हो, गादीखाली ठेवलेले जुने एक्स-रे टाकू नका. नवा फोटो जुन्याशेजारी धरला, की डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

ग्रॅहमनी सिगारेट सोडली, पण उशिरा. मार्च १९५७ मध्ये ते गेले, फुप्फुसाच्याच कॅन्सरनं. दोन्ही बाजूंना पसरलेला होता, कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि गिलमोर? ते एका फुप्फुसावर १९६३ पर्यंत जगले. नमस्कार.