भिंतीवरचं कॅलेंडर आणि लेकराची धाप

नमस्कार श्रोतेहो. आत्ता जो कागदाचा आवाज तुम्हाला ऐकू आला, तो माझ्या भाषणाच्या कागदांचा नाही. माझ्यासमोर टेबलावर भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर आहे. खिळ्याचं भोक फाटून मोठं झालंय आणि ऑगस्टच्या पानावर हळदीचा अंगठा उमटलाय. आत दुधाचा हिशोब आहे, सिलिंडर कधी आला ते आहे, गाय कधी भरवली ते आहे. आणि जागोजागी निळ्या पेनाच्या फुल्या आहेत. या फुल्यांची गोष्ट मी आज सांगणार आहे.

पण गोष्टीच्या आधी कामाचं. कारण कुणीतरी मध्येच उठेल, कुणाची वीज जाईल.

ज्या घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू आहे आणि दर सर्दीला त्याची छाती भरते, घरघर लागते, धाप लागते, त्या घरासाठी आजचं बोलणं आहे. यालाच पुष्कळदा बाळदमा म्हणतात. लेकराला धाप लागली आहे की नुसतं नाक चोंदलंय, हे ओळखायला मशीन लागत नाही. लेकरू शांत असताना अंगातलं झबलं वर करा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. पोट वर येऊन खाली गेलं की एक. असं पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान लेकरांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो जलद श्वास. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त. पुन्हा सांगते, वर्षाच्या आतलं बाळ ५०, वर्षावरचं ४०. इतके भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हण्याचा आवाज येत असेल, लेकरू पाणी-दूध घेत नसेल, ओठ-जीभ निळसर दिसत असेल, किंवा ते ग्लानीत गेलं असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. पुन्हा सांगते. बरगड्या आत जाणं, पिणं बंद होणं, ओठ निळे होणं, ग्लानी. यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

आता फुल्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक सून आणि तिची सासू नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. फेब्रुवारी महिना होता. नात दीड वर्ष उलटलेली, गोबरी, डोळ्यांत काजळ. तोपर्यंत तिला चार वेळा दवाखान्यात मशिनची वाफ द्यावी लागली होती. मी विचारलं, किती दिवसांनी होतं असं? सासूबाई म्हणाल्या, "आवं डॉक्टरीणबाई, सारकंच व्हतंय की. पोर नुसती धापा टाकती." सारखंच म्हणजे किती? महिन्यातून एकदा? आठवड्याला? कशानंतर होतं? "आता काय सांगायचं, सारकंच."

हे उत्तर मी रोज ऐकते. आईबापांचा यात दोष नाही. रात्रभर लेकराला मांडीवर उभं धरून जागलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत. म्हणून मी सुनेला म्हटलं, घरात कॅलेंडर आहे ना? धाप लागली त्या दिवशी फुली मार. नुसती रात्रीची खोकल्याची उबळ असेल तर टिंब दे. त्या दिवशी घरात काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द लिही.

मोबाईलवर अशा नोंदी ठेवता येतात, हे मला ठाऊक आहे. पण मोबाईलमधली नोंद एकट्या आईला दिसते. भिंतीवरची फुली येता-जाता सगळ्या घराला दिसते. लेकराचं आजारपण एकट्या आईच्या खात्यावर मांडायची आपल्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही. किती बाप दवाखान्याच्या बाहेर गाडीवर बसून राहतात! आत या, धापेच्या औषधाचा पंप, म्हणजे इनहेलर, कसा द्यायचा ते तुम्हीही शिका. रात्री लेकरू तुमच्याही शेजारी झोपलेलं असतं.

तर, एप्रिलमध्ये ती सून आली, ती कॅलेंडर भिंतीवरून काढून, गुंडाळून, काखेत धरून. एस.टी.च्या गर्दीत चुरगळलेलं. मार्चमध्ये तीन फुल्या होत्या. एका फुलीशेजारी लिहिलं होतं, 'मिरची कांडप'. दुसरीशेजारी, 'लग्नाला गेलो, सर्दी'. बंबाचा धूर माजघरात येत होता, तो बंब परसात न्यायला सांगितला. कांडपाच्या दिवशी लेकीला शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगितलं. आणि मी मोठ्या खात्रीनं म्हटलं, आता जपा, पाऊस सुरू झाला की हिचा त्रास वाढणार. बहुतेक मुलांचा वाढतो. पावसाळ्यात आणि थंडीत सर्दीचे विषाणू जोरात असतात.

जुलैत ती परत आली. कॅलेंडर टेबलावर पसरलं. जूनच्या सुरुवातीला दोन फुल्या. मग पुढे काहीच नाही. पाऊस धो धो कोसळत होता, घरात ओले कपडे वाळत होते, आणि जवळजवळ साडेतीन आठवडे एक फुली नाही, एक टिंब नाही. आणि मग एकाएकी एका आठवड्यात दोन फुल्या. मी पान उलटंसुलटं करून बघत होते. सासूबाई बाहेर नातीचा शेंबूड पुसत बसल्या होत्या. सुनेनं काही न बोलता एका चौकोनावर बोट ठेवलं. ज्येष्ठ वद्य अष्टमी. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मामंजी माउलीला'. मग बोट आषाढी एकादशीच्या पुढं सरकलं. 'मामंजी आले.'

सासरे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेले होते. ते घरात नव्हते तेवढेच दिवस पोरीची छाती मोकळी होती.

"बिडी?" मी विचारलं. तिनं मान हलवली. हे तिला माझ्याआधी कळलं होतं. कितीतरी दिवस ती ते मनात घेऊन स्वयंपाक करत होती, भाकरी वाढत होती. मला म्हणाली, "तुमीच सांगा बाई. मी सांगितलं असं नको व्हायला." सून सासऱ्याला हे कसं सांगणार! त्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं. तिनं एक शब्द न बोलता सगळं कॅलेंडरवर मांडून ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आजोबांना बोलावून घेतलं. पांढरं धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. नात त्यांच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. मी कॅलेंडर त्यांच्यापुढं धरलं आणि फुल्या दाखवल्या. मधली कोरी जागा दाखवली. ही कोरी जागा म्हणजे तुमची वारी, असं म्हटलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी घरात कदी वढत न्हाई. वट्यावर बसतो." खरं होतं ते. पण ओट्यावरचा धूर दारातून आत येतो. आणि बिडी ओढून झाल्यावरही तो सदऱ्यात, मिशीत, बोटांत, घोंगडीत राहतो. नात संध्याकाळी त्याच मांडीवर बसायची आणि रात्री त्याच घोंगडीत झोपायची. घरात तिचा सगळ्यात लाडका माणूस तोच होता.

आजोबांनी माळेला हात लावला. म्हणाले, "माळ घातल्यापासनं पस्तीस वरसं मटणाला शिवलो न्हाई. मग ह्ये कसं काय ऱ्हाऊन गेलं?" त्यांनी ते मला विचारलं नव्हतं. मी गप्प राहिले.

बिडी एका दिवसात सुटली नाही. आधी ती ओट्यावरून मळ्यात गेली. मळ्यातून आले की चूळ भरायची, हातपाय धुवायचे, सदरा बदलायचा, मगच नातीला घ्यायचं. दिवाळीपर्यंत बिडी पुरती बंद झाली. तंबाखू अजून मळतात, त्यावरून मी त्यांच्याशी अजून भांडते. फेब्रुवारी ते जुलै अकरा फुल्या होत्या. ऑगस्ट ते डिसेंबर तीन.

आता खरं तेच सांगते. सगळं एकट्या बिडीनं झालं, असं मी म्हणणार नाही. बंब परसात गेला होता. जुलैपासून मी नातीला रोजचा प्रतिबंधक पंपही, म्हणजे धाप लागूच नये म्हणून द्यायचा पंप, सुरू केला होता आणि सुनेनं एक दिवस चुकवला नाही. पण वारीच्या त्या दिवसांत पंप नव्हता, पाऊस होता, आणि तरी छाती मोकळी होती. डिसेंबरच्या शेवटी सून म्हणाली, "घरी नवीन लावलंय, ह्ये तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." तेच हे कॅलेंडर.

दीड-दोन वर्षांच्या मुलाची मुख्य श्वासनलिका त्याच्याच करंगळीएवढी असते. आतल्या फांद्या तर त्याहून कितीतरी बारीक. मोठ्या माणसाला सर्दीनं जेवढी सूज येते, तेवढीच सूज त्या फांद्या निम्म्या बंद करते. मग शिट्टी वाजते. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पहिल्या तीन वर्षांत ज्यांच्या छातीत अशी शिट्टी वाजत होती, त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांची ती सहा वर्षांचं होईपर्यंत थांबली होती. म्हणून बाळदमा हा शब्द ऐकला की जन्माचं दुखणं लागलं असं समजू नका. आणि याच अभ्यासात हेही दिसलं, की आई धूम्रपान करत असेल तर या वयातली शिट्टी जास्त. धूर बिडीचा असो, चुलीचा असो, डासांच्या कॉइलचा असो की मायेनं दिलेल्या ओव्याच्या धुरीचा, छातीला तो धूरच असतो. आजीची माया खरी आहे, पण अशा लेकराला धुरी नको. नाकात तेलही सोडू नका, ते छातीत उतरतं. आणि कुणी पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलं, तर लेकरू उचला आणि तिथून निघा.

पंपाची सवय लागते, असं गावोगाव म्हणतात. लागत नाही. धाप मोकळी करणारं साल्ब्युटामॉल हे औषध सिरपमध्ये एका ५ मिलिलिटरच्या चमच्यात २ मिलिग्रॅम असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या एका चमच्यात वीस फवाऱ्यांएवढं औषध आहे, आणि ते आधी पोटात, मग रक्तात, मग छातीत. त्यानं लेकराचे हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट जिथं हवा तिथं जातो. मात्र इतक्या लहान मुलाला तो नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून, मास्क लावूनच द्यायचा. पंप हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, एक फवारा सोडा, लेकराला पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा फवारा द्यायचा तर पंप पुन्हा हलवा. दोन फवारे एकदम मारू नका. प्रतिबंधक पंपानंतर तोंड पुसा, पाणी पाजा. आणि लेकरू बरं दिसतंय म्हणून तो पंप आपल्या मनानं बंद करू नका. पुन्हा सांगते, बरं दिसतंय म्हणून बंद नाही.

खोकल्याच्या बाटल्यांविषयी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची कितीतरी लेकरं विषारी खोकल्याच्या औषधानं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं, की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सहसा नकोत. दुकानात जाऊन नुसतं "खोकल्याचं द्या" म्हणू नका.

दोन वर्षांच्या लेकराला शाळेत घालायची घाईही मला पटत नाही. अक्षरं कुठं पळून जातात? वीस मुलांच्या एका खोलीत लेकरू अक्षराआधी सर्दी घेऊन येतं. ज्याची छाती वारंवार भरते, त्याला अंगणात मातीत खेळू द्या आणखी एखादं वर्ष.

एक शेवटचं, कारण हे चुकलं तर महागात पडतं. लेकरू बरं होतं, शेंगदाणे-फुटाणे खात होतं, एकदम ठसका लागला, आणि त्यानंतर खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर ती सर्दी समजू नका. दाणा श्वासनलिकेत गेला असू शकतो. ठसका नंतर थांबला तरी डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा.

आत्ता तुमच्या मांडीवर लेकरू झोपलं असेल, सर्दी-ताप नसेल, तर हीच वेळ आहे. झबलं हळूच वर करा आणि मिनिटभर मोजा. शांत झोपलेल्या दोन वर्षांच्या मुलाचे साधारण वीस ते तीस भरतील. तुमच्या लेकराचे किती भरले ते कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. नमस्कार.