सिकंदरातला 'अल' गेला कुठे?

नमस्कार श्रोतेहो. सिकंदर म्हणजेच अलेक्झांडर, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सुरुवातीचा 'अले' कुठे गेला, असं विचारलं की गाडी अडते.

मूळ ग्रीक नाव अलेक्सान्द्रोस. 'अलेक्सेइन' म्हणजे परतवून लावणं, राखणं; 'अनेर' म्हणजे पुरुष, आणि समासात त्याचं 'आन्द्र' होतं. संस्कृतातले 'रक्ष्' आणि 'नर' हे याच दोघांचे भाऊबंद! नाव मॅसिडोनियाच्या जगज्जेत्याहून कितीतरी जुनं आहे. ग्रीसमधल्या मायसीनीत सापडलेल्या, इसवी सनपूर्व 13व्या शतकातल्या मातीच्या पाटीवर 'अ-रे-क-स-द-र' असं लिहिलंय. त्या लिपीत 'ल'ला वेगळं चिन्ह नव्हतं. आणि ही अलेक्सान्द्रा, म्हणजे बाई बरं का!

आता अरबीत काय झालं पाहा. तिथे नामाआधी 'अल' हे उपपद लागतं. ऐकणाऱ्यांनी नावातला 'अल' उपपदच धरला आणि बाजूला काढला. उरलेल्या भागात 'क्स'ची उलटापालट होऊन 'स्क' झाला. अरबीत शब्दाची सुरुवात जोडाक्षराने होत नाही, म्हणून आधी 'इ' आला: इस्कंदर. इजिप्तचं अलेक्झांड्रिया अरबीत अल-इस्कंदरिया आहे ते यामुळेच. फारसीच्या वाटेने आपल्याकडे सिकंदर आला. 1806 मध्ये निजाम सिकंदर जाहच्या नावावरून सिकंदराबाद झालं.

पण वाटेत अरबी नसेल तर? अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीच्या प्रतीत, 'अलिकसुदर' नावाचा राजा आहे. 'अल' शाबूत, 'क्स' फोडून 'कस'. अनुस्वार नाही, कारण तिथल्या खरोष्ठी लिपीत तो बऱ्याचदा लिहीतच नसत. उत्तराखंडातल्या कालसीच्या प्रतीत तर पूर्वेकडच्या बोलीप्रमाणे 'र'चा 'ल' झालाय. हा राजा अशोकाचा समकालीन, जगज्जेता नव्हे; इथे हमखास घोटाळा होतो.

स्पॅनिश 'अलेहान्द्रो'त 'क्स'चा आधी 'श' झाला, मग घशातला 'ह'. हंगेरियन 'शांदोर'ने पुढचा भागच टाकला. रशियन 'शुरा' ऐकून अलेक्सान्द्र कुणाला आठवणार? मधली पायरी आहे साशा, साशुरा. तिचं शेपूट तेवढं उरलं.

कंदाहारही इस्कंदरवरूनच, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. उच्चार जुळतो खरा, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. 'इस' का गळाला, हे कुणी पटण्यासारखं दाखवेपर्यंत मी ते या कुळात धरणार नाही.