पोकळी कोणी केली?

क्षयरोग्याच्या छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट कडेची जी काळी पोकळी दिसते, ती क्षयाच्या जंतूंनी कुरतडून केली असावी, असे पाहणाऱ्याला सहज वाटेल. प्रत्यक्षात ती घडवण्यात रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा मोठा वाटा असतो.

क्षयरोगी खोकतो तेव्हा हवेत उडालेले काही तुषार सुकून 1 ते 5 मायक्रॉन इतके बारीक होतात आणि नाक व श्वासनलिका यांना चुकवून वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे पहाऱ्यावर असलेल्या मॅक्रोफेज, म्हणजेच भक्षक पेशी, त्यांतील जंतूंना गिळतात. इतर बहुतेक जंतूंची कथा येथेच संपते, कारण गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो, तिला पेशीतील पाचक द्रव्यांची पिशवी येऊन मिळते. मेणचट कवचाचा क्षयजंतू मात्र हे मीलनच रोखून धरतो आणि ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच पोटात वाढू लागतो. ही वाढ अतिशय संथ असते: एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे 20 तास लागतात, तर ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत तेच काम 20 मिनिटांत उरकतो.

प्रतिकारशक्तीचा दुसरा, अधिक नेमका हात मात्र उशिराच उचलला जातो. जंतूचे अंश घेऊन काही पेशी जवळच्या लसिका ग्रंथींत जातात, तेथे त्या अंशांची ओळख पटलेल्या टी पेशींची, म्हणजे ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या वाढते, आणि त्या फुप्फुसात परतेपर्यंत काही आठवडे लोटलेले असतात. या काळात जंतूला मिळालेली सवड पुढे सहसा भरून निघत नाही. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडून भक्षक पेशींना बळ देतात. त्यानंतर पेशींच्या थरांनी जंतूंना वेढणारी गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होते. तिच्या आत जंतू मरतात किंवा वर्षानुवर्षे दबून राहतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झाला असावा, असा अंदाज आहे. त्यांपैकी 5 ते 10 टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. मांटू चाचणीत, म्हणजे क्षयजंतूची प्रथिने त्वचेत टोचून केलेल्या तपासणीत, 48 ते 72 तासांनी हातावर उठणारा कठीण फुगवटा टी पेशींची स्मृती दाखवतो, रोग नव्हे, आणि हा फरक अनेकदा विसरला जातो.

ही गाठ टिकवण्यासाठी टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे दिली जाऊ लागली, तेव्हा काही रुग्णांमध्ये दबलेला क्षय उफाळून आला, म्हणून आता अशा उपचारांपूर्वी सुप्त संसर्गाची तपासणी करतात.

मात्र प्रतिकाराचा जोर वाढला तरी हानीच होते. गाठीच्या मध्यभागी मृत पेशींचा पनीरासारखा भुसभुशीत लगदा साचतो. भक्षक पेशींची विकरे भोवतालची ऊती विरघळवतात, लगदा पातळ होतो आणि गाठ श्वासनलिकेत फुटते. मागे उरते ती ही पोकळी, जिच्यात भरपूर प्राणवायूमुळे जंतू झपाट्याने वाढतात आणि खोकल्यावाटे पुढच्या माणसाकडे निघतात.

एचआयव्हीमुळे ज्यांच्या टी पेशी फार कमी झाल्या आहेत, त्यांच्यात क्षय शरीरभर पसरू शकतो. पण त्यांच्या एक्स-रेवर अशी पोकळी सहसा दिसत नाही.