दळण संपलं की ओवी थांबते

[पहाट. गावाबाहेर उभी गाडी. दूर एक मोर ओरडतो.]

पहाटेचे पाच. यवतमाळ जिल्हा, आर्णीपासून आतलं एक गाव. एवढ्या लवकर यायचं कारण मे महिना. नऊ वाजले की पत्र्याच्या गाडीत बसवत नाही, आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावायची सोय नाही. माइकला पंखा आधी ऐकू येतो, माणूस नंतर.

ही आमची गाडी, गावोगावची गाणी टिपायचा फिरता स्टुडिओ. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकानं आत दोन बर्थ, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिची कॅम्पर केली होती. माहूर, शेगाव, पंढरपूर, सगळं घरदार घेऊन ती फिरली. मग मुलं पुण्याला गेली आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. आम्ही दार उघडलं तेव्हा शेगडीत उंदरांचं बिऱ्हाड होतं आणि अर्धी वायरिंग त्यांनी खाल्लेली.

गाडीत स्टुडिओ ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. १९३३ साली अमेरिकेत जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अॅलन ३१५ पौंडांचं, म्हणजे जवळपास १४३ किलोंचं रेकॉर्डिंग यंत्र मोटारीच्या डिकीत घालून तुरुंगातुरुंगांत कैद्यांची गाणी टिपत होते. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमचं यंत्र तर मांडीवर मावतं. अडचण यंत्राची नव्हतीच, पत्र्याची होती.

[बोटानं पत्र्यावर टिचकी. टण्ण.]

हा आवाज ऐका. गाडीचा पत्रा म्हणजे ताशाच. मिस्त्रीनं आतून डांबरी शीट गरम करून चिकटवली. आता तीच टिचकी.

[धप्.]

पत्रा गप्प झाला, पण आतली हवा गप्प बसेना. आतली रुंदी १.७ मीटर, उंची १.८. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. दोन समोरासमोरच्या भिंतींत तो ज्या सुरावर पहिल्यांदा अडकून घुमतो, तो सूर रुंदीतही शंभर हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, आसपास आणि उंचीतही तिथंच. पुरुषाचा खालचा सूर, मृदंगाची धूम, सगळं नेमकं तिथं येऊन बसतं. भजनी मंडळानं आत एक अभंग म्हटला तर वाटलं, मंडळी रांजणात तोंड घालून गातायत.

कुणीतरी अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला दिला. तो सल्ला प्रत्येक गावात मिळतो. पुठ्ठ्याच्या ट्रेनं असला जाड आवाज अडत नाही. शंभर हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटरची असते, तिला चांगलं जाड काही लागतं. जाड आणि स्वस्त म्हटलं की आमच्या भागात एकच वस्तू आठवते. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून आणला आणि चारही कोपऱ्यांत हात-हात जाडीच्या चौकटींत भरला. त्याआधी टाकणखार आणि बोरिक अॅसिडचं पाणी फवारून वाळवला, कारण जिनिंगमध्ये कापसाला लागलेली आग आम्ही पाहिलेली आहे. मूळ सांगाड्याला कुठं कापलं नाही. जे केलं ते नटबोल्टवर. गाडीत मोठा फेरबदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, आणि तो रस्ता लांबचा.

वीज टपावरच्या सोलर पॅनेलची. खाली बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. लॅपटॉप आणि माइकची पेटी आठ-दहा तास चालते. इन्व्हर्टर मात्र काढून टाकला. त्याची बारीक किणकिण प्रत्येक गाण्याखाली येत होती.

चार महिने गेले. खोली तयार. पहिल्या पाहुण्या म्हणून पलीकडच्या वाड्यातल्या आजींना आणलं. त्यांना स्टुलावर बसवलं, कानाला हेडफोन लावला. आजींनी दीड ओळ म्हटली आणि गप्प.

"हाती खुटा नाई त ओवी येत नाई रे बाबू."

खुटा म्हणजे जात्याचा खुंटा. ओढ दिली की ओळ, हात परत फिरला की श्वास. जातं काढून घेतल्यावर आजींना श्वास कुठं घ्यायचा ते सुचेना. चार महिन्यांच्या कापसाचं काय ते आमचं आम्हाला कळलं.

[लांब काळी वायर. अंगणातून ओसरीकडे.]

म्हणून ही तीस मीटरची वायर. गाडी वाड्याच्या दाराशी उभी राहते, आजी आपल्या ओसरीवर. जातं आता वर्षातून एखाद्या लग्नात हळदीपुरतं निघतं. त्यांनी आदल्या रात्रीच धुवून पुसून ठेवलं होतं. घरघर मोठी, आवाज म्हातारा. मग माइक जात्याच्या वर, आजींच्या छातीशी, तोंड वर करून लावला. हा माइक पाठीमागचं फारसं ऐकत नाही, आणि त्याची पाठ आता दगडाकडे. घरघर उरली, पण ओवीच्या खाली.

आत गाडीत मी आणि कापूस. रेकॉर्डिंगसाठी बांधलेली खोली शेवटी ऐकायच्या कामी आली. तिथं बसल्यावर आजींच्या कपाळावरून ओघळणारा घाम सोडून सगळं ऐकू येतं: बांगड्या, दाणा फुटल्याचा चरचर आवाज, मधेच कोंबडीला हाड्.

तासाभरानं पाच बायका आत दाटीवाटीनं बसल्या. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तिसरीत मी चुकली. पुन्ना घे."

पण पुन्हा कशी घेणार? ज्वारी संपली होती. रिकामं जातं फिरवलं तर दगड दगडाला घासतो, आणि आजी तसं फिरवू देणार नाहीत. आमचा एक पोरगा मोटारसायकल काढून किराणा दुकानाकडे निघाला आहे. दुकान आठला उघडतं.

[रिकामं जातं. लाल दिवा चालूच.]